तुझा अ‍ॅम्प दुरुस्त होणार नाही

प्रिय भरत,

आधी हरल्याची बातमी सांगून टाकतो. तुझ्या गिटारचा तो डिजिटल अ‍ॅम्प दुरुस्त करायचा नाद मी सोडला. होय, मीच. ‘दस्तगीरकडं टाका, मेलेला भोंगासुद्धा बोलंल’ असं नारायणगावच्या बाजारात ज्याच्याबद्दल म्हणतात, तोच हा दस्तगीर. हे फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या तळेघरला रेंज मिळायची मारामार, आणि मिळालीच तर फोन वहिनी उचलतात. म्हणतात, “ते खाचरात हायेत.” भात झोडून कणग्या भरल्या, चैत्र तोंडावर आला, आता खाचरात कसलं काम काढलंस राव? माझे कान फोनवरूनही चांगले चालतात. पाठीमागं तू खोकतोस ते ऐकू येतं. म्हणून हे पत्र जीपवाल्याच्या हाती देतोय. पत्राला वहिनी काय उत्तर देणार?

तर त्या डिजिटल पेटीची गोष्ट. उघडली तेव्हा वाटलं, दुपारपर्यंतचं काम. जुन्या अ‍ॅम्पात फुगलेला कंडेन्सर डोळ्याला दिसतो, जळलेली वायर वासावरून सापडते. हिच्यात एकच सर्किटची पाटी, तिच्यावर मुंगीएवढे पार्ट आणि मधे एक काळी चिप, सगळी अक्कल तिच्यात. पाटीच बदलावी म्हटलं, तर ती आता कुठं मिळत नाही. शेवटी सप्लायचा भाग मी माझ्या हातानं नवा बांधला, आणि एक दिवस पेटी बोलली. मी खुशीत समोरून चहा मागवला, दुकानातल्या गिटारची तार छेडली, आणि कानाला काहीतरी खुपलं. परत छेडली. तारेचा स्वतःचा बारीक आवाज हाताखाली आधी आला, पेटीतला मागून. केसभर मागून. पेटी तापली तसा तो आणखी मागं सरकला. पाटीवर कुठं अडतंय ते मला आजवर सापडलेलं नाही, सापडणारही नाही. पण चहा तसाच ठेवून मी बसून राहिलो, कारण मला गेला हंगाम आठवला.

ही पेटी तू नवी आणलीस तेव्हा आख्ख्या तमाशाच्या फडाला हात लावून बघू दिलं होतंस. मी बांधून दिलेला जुना अ‍ॅम्प तंबूत पडला, धोंडाबाईंनी त्याच्यावर मेकपची पेटी मांडली. फडाच्या मालकीणबाई, त्यांना कोण बोलणार? मग काही जत्रांनी ढोलकीवाला सोमाजी सगळ्यांसमोर म्हणाला, “भरतभाऊ, वय झालं आता. तुमचा हात माज्या थापेच्या मागं पडतोय.” तू गिटार खोळीत घातलीस, त्याच सुमारास बंद पडलेली पेटी माझ्या दुकानात टाकलीस, आणि इतकी वर्षं सोमाजीच्या उजव्या हाताला बसणारा माणूस डोंगरात जाऊन बसला.

परवा मी सोमाजीला दुकानात बोलावलं. कशाला, ते सांगितलं नाही. भिंतीकडं तोंड करून बसवलं, साधा ठेका धरायला लावला आणि प्रत्येक थापेला मी एकच तार छेडत गेलो. माझा हात वादकाचा नाही, पण ठोका माझा चुकत नाही. सोमाजी लगेच करवादला, “दस्तगीरभाई, तुमाला न्हाई जमत. मागं पडताय.” मी गुपचूप वायर काढून, तंबूतून त्या दिवसापुरत्या मागून आणलेल्या जुन्या अ‍ॅम्पात खोचली. तोच हात, तीच तार. “आत्ता बसलं!” परत वायर बदलली. “झालं, पुन्हा मागं!” मग मी त्याला वळवला आणि दोन्ही पेट्या दाखवल्या. सोमाजीनं ढोलकी बाजूला सारली. “म्हंजी भरतभाऊ…” एवढंच म्हणाला आणि उठून थेट धोंडाबाईंकडं गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पानाचा विडा गालात सरकवला आणि विचारलं, “त्यो जुना डबा भरतभाऊंना दिला, तर मी माजी मेकपची पेटी ठिऊ कशावर?” त्या बाईंचा होकार असाच असतो, तुला ठाऊक आहे. तुझी डिजिटल पेटी मी त्याच दिवशी तंबूत पोचवली. मेकपच्या पेटीखाली तिची उंची अगदी बरोबर बसली. दुरुस्ती म्हणशील तर हीच!

भरत, एवढं लांबण लावलं ते एका वाक्यासाठी. तुझा हात कधीच मागं पडला नव्हता. कळंबच्या जत्रेत आपला फड उभा राहतोय, आणि सोमाजीनं काल तालमीत त्याच्या उजव्या हाताला कुणाला बसू दिलं नाही. जुना अ‍ॅम्प पुसून, तपासून तयार ठेवलाय. जीपवाल्याला पुढची सीट धरायला सांगितलीय. तो दारात हॉर्न वाजवत उभा असेल, तेव्हा वहिनींना म्हणू देऊ नकोस की तू खाचरात आहेस. गिटार घे आणि बस.

तुझाच, आणि तुझ्या ठोक्याचाही,
दस्तगीर