बाकांवरची टकटक

येना, गुरुवार

बाबा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, कारण वाचून तुम्ही गालातल्या गालात हसाल. "सगळं पडदाच दाखवणार असेल विबके, तर तू तिथं कशाला?" हा तुमचा टोमणा मी अजून विसरलेले नाही.

आज भौतिकशास्त्राचा तास चालू असतानाच वर्गातला तो डिजिटल पडदा बंद पडला. मग ज्या फळ्यावर तुम्ही जन्मभर शिकवलंत, त्याच्यापाशी खडू घेऊन गेले आणि गणिताच्या तिसऱ्याच ओळीत अडकले. मुलं ओरडायला लागली.

"मॅडम, तिथं उणे हवं!"

"गप रे, बरोबर आहे ते!"

पुसलं, पुन्हा लिहिलं, भांडलो. वेळ संपली, उत्तर काही आलं नाही.

तरी मुलांनी बाकं वाजवली. तास संपला की आपल्या विद्यापीठात टाळ्यांऐवजी बाकं वाजवतातच, पण पडद्यावरच्या माझ्या बिनचूक तासांना रीतीपुरती टकटक मिळते. आज थांबेचनात. कशासाठी, बाबा? मी तर काहीच शिकवलं नव्हतं. की शिकवलं? मला खरंच कळत नाही.

उद्या सकाळी तो फळा उतरवायला माणसं येतायत. गेल्या आठवड्यात बोलावलंय मीच.

तुमची,
विबके