माझ्या शेगडीची व घराची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त मुद्रितशोधक, पत्नी हयात नाही, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. 'पूर्ण शुद्धीत' हे शब्द अशा कागदांवर सवयीने लिहिले जातात. मी ते मुद्दाम लिहिले आहेत, कारण माझ्या मुलाने गेले वर्षभर नातेवाइकांत, इमारतीत आणि औषधांच्या दुकानातसुद्धा सांगून ठेवले आहे की बाबांना आता काही आठवत नाही. डॉक्टरांनी मला नीट तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. शेगडी. स्वयंपाकघरातील चार बर्नरची गॅसची शेगडी मी वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंना देत आहे. शेगडी महाग आहे. पत्नी गेल्यावर मी स्वयंपाक शिकलो, मला त्याची गोडी लागली, म्हणून ती मी माझ्याच पैशांनी घेतली. त्यासाठी दुकाने पालथी घातली. घरची लोखंडी कढई पिशवीतून नेत असे आणि प्रत्येक शेगडीवर ठेवून ती डुगडुगते का ते पाहत असे. विक्रेते काळ्या काचेच्या शेगड्या पुढे करत. "काका, दिसायला बघा किती सुंदर आहे," असे एकजण म्हणाला. मी म्हटले, "मला तिच्याशी लग्न करायचं नाही, कांदा परतायचाय." अखेर मी स्टीलची घेतली. वर बिडाच्या जाडजूड जाळ्या, पितळी बर्नर, आणि ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होण्याची सोय. या सोयीसाठीच मी जास्तीचे पैसे मोजले. मुलगा म्हणाला, "या वयात हे कसले थेर?"

२. दुधाचे पातेले. हे मुलाला देत आहे. त्यावर दुधाचे वाळलेले ओघळ आहेत, ते न घासता तसेच द्यावे. एका रविवारी तो आला, स्वतःच्या चहासाठी दूध ठेवले आणि फोन कानाला लावून गॅलरीत गेला. मी आंघोळ करत होतो. बाहेर येऊन पाहतो तो दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, आणि शेगडीने गॅस आपणहून बंद केलेला. कोणाला काहीही झाले नाही. संध्याकाळी तो आपल्या बहिणीला फोनवर सांगत होता, "बाबा गॅस चालू ठेवून विसरले. थोडक्यात वाचलो."

मी म्हटले, "दूध तू ठेवलं होतंस."

तो तिला म्हणाला, "ऐकलंस? आता हेही आठवत नाही त्यांना."

मग फोन माझ्या हातात दिला. मुलगी म्हणाली, "दादा म्हणतोय ते बरोबरच असेल, बाबा. जरा ऐका त्याचं."

त्याच आठवड्यात गॅसचे काम करणारा येऊन शेगडीची नळी काढून घेऊन गेला. "साहेबांनी सांगितलंय, काका. मी तरी काय करू?" असे तो मान खाली घालून म्हणाला. मुलाने मला डबा लावून दिला. शेगडीवर आता डब्याची पिशवी ठेवली जाते. वरच्या बाईंना हे कळले तेव्हा त्यांनी दुपारच्या वेळी आपला एक बर्नर मला मोकळा करून दिला. "या काका, पण मीठ जरा बेतानं," एवढीच त्यांची अट. म्हणून शेगडी त्यांना.

३. किरकोळ. शब्दकोश वाचनालयाला द्यावेत. बँकेतील शिल्लक अंत्यविधीसाठी वापरून उरेल ती मुलीला द्यावी. पत्नीचे दागिने तिने आधीच नेले आहेत, त्यामुळे ते येथे नोंदवलेले नाहीत. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर मी किती गोड आणि विसराळू होतो हे मुलाने तिथे सांगू नये.

४. घर. ही सदनिका माझी स्वकष्टार्जित आहे. ती संपूर्णपणे मुलाला मिळावी, परंतु एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत त्याने डॉक्टरांच्या आणि बहिणीच्या समक्ष पुढील मजकूर स्वहस्ते लिहून खाली सही करावी: "त्या रविवारी दूध मी ठेवले होते. बाबा विसरले नव्हते. मी खोटे बोललो." तसे न केल्यास घर दोघा भावंडांत निम्मे निम्मे व्हावे. मी भ्रमिष्ट होतो असे म्हणून त्याने हे मृत्युपत्रच रद्द करवले, तरी कायद्याने वाटणी निम्मीच होईल. तेव्हा काय करायचे ते त्याने ठरवावे. या सर्वाची अंमलबजावणी डॉक्टरांनी करावी.

तो लिहील याविषयी मला शंका नाही. घरासाठी लिहील, अक्षरही चांगले काढील. मी वर्षभर त्याच्याकडे हेच मागत होतो, एकांतात, नुसते तोंडी. तेव्हा त्या बदल्यात त्याला फक्त बाप मिळणार होता.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा तपासला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार:
१. माझे डॉक्टर
२. गॅसचे काम करणारा (विचारल्यावर म्हणाला, "नळी मीच काढली होती ना काका, मग सही करतो की.")

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: सहा फेब्रुवारी, गुरुवार. कॅलेंडर न पाहता लिहिला आहे.