जर्दाळूचे गरम कपडे

३ जानेवारी १९९३, रविवार. वॉटफर्ड.
वैजयंतीचं फर्मान. जुलैअखेर झाडावर एक तरी जर्दाळू दिसला पाहिजे. नाहीतर झाड जाणार आणि बागेतल्या त्या एकमेव उन्हाच्या कोपऱ्यात तिची कपडे वाळवायची छत्री उभी राहणार. चार वर्षं म्हणे नुसती फुलं बघतेय. दरवर्षी दहिवर पडतं, दव गोठतं आणि सगळं जळतं. मी शांतपणे मान्य केलं. एक बॅग घेऊन या देशात उतरलेल्या माणसाने ड्रायक्लीनिंगची तीन दुकानं उभी केली. त्याला एक झाड जड नाही.

९ जानेवारी.
शेजारच्या राफाएल पेणकरचा सल्ला घेतला. मूळचा मुंबईचा, रेल्वेतून रिटायर, बागेतलं कळतं असं त्याला वाटतं. कुंपणावरून म्हणाला, अरे विष्णू, कळी झोपलेली असते तोवर उणे पंधरासुद्धा सोसते. जागी झाली की तीच उणे तीन-चारला खलास. तिला मार्चपर्यंत गारठ्यात झोपू दे, उठवू नकोस.
माझे कान तिखट. शब्दन् शब्द टिपला. सारांश: शत्रू म्हणजे थंडी. आणि थंडीवर इलाज कपडे, हा तर माझा धंदाच.

१७ जानेवारी.
दुकानातून सुटाबुटांवर घालायची पॉलिथिनची कव्हरं आणली, चाळीस. प्रत्येक फांदीला एक, हँगरसकट. वैजयंती म्हणाली, तिकीट लावा, गुरुवारी न्यायला येतील.

३१ जानेवारी.
कव्हराच्या आत एकोणीस डिग्री! बाहेर आठ. कळ्या टम्म फुगल्या. याला म्हणतात मेहनतीचं फळ, तेही जानेवारीत.
इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये २५ जुलैची जर्दाळू पार्टी जाहीर करून टाकली. बावन्न नावं आली.

१४ फेब्रुवारी.
कळ्यांना गुलाबी टोकं. राफाएल कपाळाला हात लावून म्हणाला, उठवलंस ना त्याला! मत्सर, दुसरं काय. नंतर त्यांच्या स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून तो बायकोला, रिवकाला, सांगताना ऐकू आला: बिचारं. स्वतःबद्दल बोलत असावा.

२८ फेब्रुवारी, रविवार.
फुलला! अख्खा वॉटफर्ड एकीकडे आणि माझं झाड एकीकडे. पॉलिथिनमधून फुलं कोणाला दिसणार, म्हणून कव्हरं उतरवली. अकरा जण चहाला. मंडळातल्या प्रमोदिनीवहिनी म्हणाल्या, अगदी काश्मीर हो! त्या काश्मीरला गेलेल्या नाहीत, पण भावना पोचली.
राफाएलने नाट लावलाच: उद्या सकाळी कडक दहिवर आहे, रेडिओवर सांगितलंय. मी म्हटलं, सहा आठवडे उबेत राहिलंय, आता तब्येत झालीय त्याची. संध्याकाळी तरीही दोन कव्हरं चढवून पाहिली. पाकळ्या गळायला लागल्या. सोडून दिलं. झाडावर विश्वास हवा.

१ मार्च, सकाळी ७.
थर्मामीटर उणे पाच. गवत पांढरंफटक. आणि फुलं? सगळी जागच्या जागी! राफाएलची बेल वाजवून त्याला ड्रेसिंग गाऊनमध्येच बाहेर आणलं. तो बघत राहिला.

३ मार्च.
वैजयंतीने चष्मा लावून फुलं पाहिली. विचारते, अहो, प्रत्येकाच्या मधोमध हे काळं कसलं? मी म्हटलं, तीट. इतक्या लोकांची नजर लागली, निसर्गाने सोय केली.
राफाएलने ब्लेडने एक फूल चिरलं. पाकळ्या टवटवीत, जिथे फळ धरतं तो मधला दांडा कोळसा. मी म्हटलं, हे एक झालं. त्याने नऊ चिरली. मी म्हटलं, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. दहावं वैजयंतीने चिरलं.

११ एप्रिल.
पालवी अप्रतिम. फळं अजून दिसत नाहीत. काही जातींत उशिरा दिसत असतील.

६ जून.
पानं उचलून उचलून पाहिली. एक सापडला! गोगलगाय.

२५ जुलै.
बावन्न जण येऊन गेले. जर्दाळू सुपरमार्केटचे, स्टिकर सोलून. प्रमोदिनीवहिनी म्हणाल्या, घरच्याची चवच वेगळी. मी खोडून काढलं नाही. पाहुण्यांचं मन मोडू नये.
सगळे गेल्यावर राफाएलने झाड मागितलं. माझ्याकडे नाही, वैजयंतीकडे. नोव्हेंबरात पानं गळली की मुळांसकट नेणार, त्याच्या घरामागच्या गार सावलीत लावणार. तिथे ते उशिरा उठेल, दहिवर चुकवेल. ती लगेच हो म्हणाली. जीव वाचला झाडाचा, असंही म्हणाली.
मी मोठ्या मनाने म्हटलं, हरकत नाही, अनुभव माझा आहे, रोज येऊन बघत जाईन.
राफाएल म्हणाला, ये की, तुझंच घर आहे. फक्त दहिवराचे दिवस संपल्यावर, मे महिन्यात ये.
वैजयंती म्हणाली, राफाएलभाऊजी, जून म्हणा.