मुसिये आणि मादाम

७ जानेवारी
आजपासून सरडे पाळायचे. नक्की. नर निळा, कोकोच्या बागेत सापडला. मादी तपकिरी, रस्ता ओलांडताना धरली. नावं ठेवली, मुसिये आणि मादाम.
मागे सरडे बघायला एक परदेशी पाहुणा आला होता. तो म्हणाला होता, त्याच्या देशात लोक घरात यांची पैदास करतात. काचेच्या पेटीत, विजेचा दिवा लावून. ज्यांना ऊनसुद्धा पेटीत आणावं लागतं त्यांना जमतं, आणि इथे मादागास्करात, आमच्या अंबांजात, जिथे हे फुकट कुंपणावर बसतात, तिथे मला जमणार नाही?
पिंजरा बांबूचा, वरून मच्छरदाणी. मच्छरदाणी व्हाविसोआची. तिला सवडीने सांगेन.

त्याच दिवशी, संध्याकाळी
तिनेच पाहिलं. म्हणाली, "फेनोच्या बापा, सरडा घरात आणायचा नाही. फादी आहे, पूर्वजांची मनाई. वाडवडिलांनी पाळलं ते तू म्हातारपणी मोडणार?" मी म्हणालो, फादी मलाही कळते. पण पडवी म्हणजे घर नव्हे.
ती चटई गुंडाळून भावाकडे गेली. "ते जातील तेव्हा मी येईन," म्हणाली. एवढी साठ वर्षांची बायको, पण रुसणं नव्या नवरीचं. परवापर्यंत येईल.

१० जानेवारी
आली नाही. मी बोलवायला जाणार नाही. भात करपला. करपलेल्या भाताचं पाणी आम्ही पितोच, तेव्हा नुकसान काही नाही.
सरडे वाटीतलं पाणी पीत नाहीत. हट्टी जात. पानांवर शिंपडलं तेव्हा चाटलं. म्हणजे मी शिकवलं.

१५ जानेवारी
मादाम मुसियेला पाहिलं की काळी पडते, तोंड उघडून फिसफिसते. लाज. व्हाविसोआ लग्नानंतर वर्षभर अशीच होती.
मेव्हणा जाओझांद्री आला. माझी बायको त्याच्याचकडे आहे. सरड्याकडे सरळ बोट दाखवणंही फादी, म्हणून दुमडलेल्या बोटाने मादामकडे दाखवून म्हणाला, "भावोजी, ती लाजत नाही, शिव्या देतेय. तुम्हाला कोंबडी बसवता आली नाही, हे काय बसवताय?" मी त्याला कॉफी दिली नाही.
जाताना विचारलं, ती कशी आहे? म्हणाला, "मजेत. रात्री नीट जेवते." हे सांगायची गरज नव्हती.

२२ जानेवारी
मादामने मुसियेचा चावा घेतला. प्रेम वाढतं आहे.
तिचं पोट सुटलं आहे. माझ्या टोळांचा गुण. गुडघे दुखतात, तरी रोज टोळ पकडतो. वादळी पाऊस. पिंजरा आत घेतला. घरात नाही, खाटेवर.

२३ जानेवारी
झोप नाही. खाटेवर ते, जमिनीवर मी. पूर्वज रागावले असतील का? छे. पण दिवा विझवत नाही. निरोप पाठवावा का? नाही. ती आधी झुकेल.

२७ जानेवारी
तोडगा सापडला. पूर्वजांनाच सामील करून घ्यायचं. अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात आमचं पूर्वजांचं झाड आहे, पिंजरा त्याच्याखाली ठेवला. थोडी रम ओतली, सगळं समजावून सांगितलं. कोणी हरकत घेतली नाही.

२९ जानेवारी
मादाम मरणार! रात्रीत चिपाड झाली आहे, तोंडाला माती. मी रडलो नाही, डोळ्यांत धूर गेला होता.

दुपारी
मरत नाही! पिंजऱ्याला तळ नाही, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिने झाडाखाली बीळ उकरून अंडी घातली आणि वर माती लोटली. जमलं! पेटी नाही, दिवा नाही! आता अंडी काढून डब्यात ठेवायची. फावडं घेतो.

संध्याकाळी
जाओझांद्रीने कुंपणावरून पाहिलं आणि बोंब मारली. व्हाविसोआ धावत आली, पायात चपला नाहीत. "पूर्वजांच्या झाडाखाली फावडं? ठेव खाली! आधी एक फादी मोडलीस, आता तिच्यावर मजला चढवतोस?"
ठेवलं. तिथली माती कोणी उकरत नाही, हे मला माहीत आहे. आनंदात विसरलो.
मुसिये आणि मादामला तिने माझ्याच हाताने बागेत सोडायला लावलं. मुसिये वळूनसुद्धा बघेना. जाओझांद्री म्हणतो मादाम रस्त्यावर सापडली तेव्हाच गाभण होती, नवऱ्याचा काही संबंध नाही. मी म्हणालो, पोषण कोणाचं?

३० जानेवारी
व्हाविसोआ झाडाजवळ चटई टाकून बसली आहे, हातात काठी. कोंबड्या तिथे उकरायला येतात. "तुझ्यासाठी राहिले नाही," म्हणाली. "पूर्वजांच्या जागेत आलेली अंडी आहेत. ती फुटली की मी निघाले." मला जवळ फिरकायची बंदी. फक्त भात नेऊन द्यायचा.
मग विचारलं, "फुटायला किती दिवस लागतात रे, फेनोच्या बापा? तुझा तो पाहुणा काय म्हणाला होता?"
पाहुणा म्हणाला होता, आठ-नऊ महिने. मी तीन वर्षं सांगितली.