दोऱ्याने मोजलेलं अंतर

संगमनेर,
ता. १२ नोव्हेंबर १९७२

चि. विजयास अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? दोन वर्षं तुला आईचीच पत्रं जात होती. तुझं पत्र आलं की ती मुद्दाम मोठ्याने वाचायची, आणि मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून सगळं ऐकायचो.

डॉक्टरांनी तुला विमानात बसायला मनाई केली, हे कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. आता माहेरच उठून तुझ्याकडे येणार! किरीटरावांनी पाठवलेलं आईचं वीस डिसेंबरचं तिकीट मिळालं.

तेव्हापासून घरात भूगोलाचा तास सुरू आहे. विमान सांताक्रूझहून सकाळी आठला निघतं आणि नैरोबीला साडेअकराला उतरतं. आईने साडेतीन तास धरले. "अहो, एवढ्या वेळात तर आपली एस.टी. नगरला पोचते!" म्हणत दशम्या निम्म्यावर आणल्या. तिथली घड्याळं अडीच तास मागे, म्हणून प्रवास सहा तासांचा, असं मी समजावलं. तिने बोटांवर तास मोजले. मग म्हणाली, "म्हणजे मी सकाळचा चहा घेते तेव्हा पोर झोपलेली असते. घरात भूगोलाचा मास्तर, आणि दोन वर्षं हे मला कुणी सांगितलं नाही."



दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा लावला. आपल्या गोरक्षनाथ शिपायाने एक टोक मुंबईवर दाबून धरलं, दुसरं मी नैरोबीवर. साडेचार हजार किलोमीटर भरले. गोरक्षनाथ म्हणाला, "सर, ताई तर वीतभर बी लांब न्हाई की! तवा तुमी म्हनला हुता, पोर पार पृथ्वीच्या टोकाला चालली."

म्हणालो होतो खरा. मुलगा परजातीचा, हे बोलायची लाज वाटली, म्हणून अंतरावर खापर फोडलं. किरीटराव घरी आले तेव्हा त्यांना बसा म्हटलं नाही. लग्नाला आलो नाही. तू गेलीस त्या दिवशी नववीच्या वर्गात मोसमी वारे शिकवत होतो. चुकलो, विजू.

परवा रजा काढून मुंबईला जाऊन आलो. गंमत बघ, संगमनेरहून मुंबईला एस.टी.ने सात तास आणि तिथून तुझ्याकडे सहाच! त्याच विमानात आईच्या शेजारची जागा धरून ठेवली आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. आधी तुमच्या घरून होकार हवा.

जावयांनी तिकीट एकच पाठवलं, यात त्यांची काही चूक नाही. तू त्यांना विचार. नको म्हणाले तर मला राग येणार नाही. आईला विमानात बसवून मी मुकाट्याने परत येईन.

हो म्हणाले, तर तार कर. एक शब्द पुरे.

रोज पोस्टात फेरी मारणारा,
तुझा बाप
शामकांत