पांढऱ्या अक्षरातल्या खोड्या

४ जून
सकाळी सकाळी विहीणबाईंचा फोन. "अहो, हे काय पाठवलंत?"
आमचं दोघींचं विणकामाचं पुस्तक चाललंय. मी इथे टाइप करते, त्या त्यांच्या घरी सगळं एकत्र लावतात. त्यांच्या लॅपटॉपात सॉफ्टवेअर वेगळं. माझं उचलून तिथे चिकटवलं की अक्षरं कुठे भोपळ्याएवढी, कुठे मुंगीएवढी. बाहीच्या ओळींचे आकडे गळ्याच्या पुढे चालू! म्हटलं, "तुमच्या मशीनला शिस्त नाही हो!" शाळेतल्या निवृत्त मोठ्या बाई त्या — फोनच ठेवला. मजा आली!

५ जून
गंमत सापडली. अक्षरांना पांढरा रंग दिला की दिसतच नाहीत! टोपीच्या कृतीखाली लिहून ठेवलं — विहीणबाईंची टोपी डोक्याला होत नाही, पातेल्याला होते. एकटीच हसत बसले. सून म्हणाली, "आई, बऱ्या आहात ना?"

६ जून
स्वेटरखालीही एक टाकलं. इथे लिहीत नाही, हसू आवरत नाही.

९ जून
विहीणबाई महिनाअखेर मुलाकडे राहायला जाणार. कायमच्या. सून रडली — आईच तिची ती. मी म्हटलं, "जाऊ दे, कानाला आराम."
मग मोज्यांच्या पानावर पांढऱ्यात लिहिलं — खोटं बोलले. हे गेल्यापासून मला उलट बोलणारी तुम्हीच एक. तुम्ही गेलात तर मी चिडवू कुणाला?
दिली फाईल पाठवून. दिसणार थोडंच!

१२ जून
सुनेने फोनवर तिच्या आईला उपाय सांगितला. चिकटवताना 'फक्त मजकूर' निवडायचं. आकार, आकडे, रंग — सगळं लटांबर मागे राहतं, नुसते शब्द येतात. मग आपल्याला हवं तसं सजवायचं. विहीणबाई खूश. आता सगळी पानं पहिल्यापासून चिकटवणार म्हणे. मीही मान डोलावली. वा, म्हटलं, किती सोपं, रंगसुद्धा —
रंग!!

१३ जून
फोन नाही.

१४ जून
फोन नाही. सुनेला आडून विचारलं. "काय माहीत, गप्पगप्पच आहे. दार लावून पुस्तक लावतेय." मेले मी!

१५ जून
मीच केला. उचलला नाही.

१६ जून
विहीणबाईंनी मुलाला कळवलं — येत नाही.
मला एवढंच म्हणाल्या, "यापुढे काळ्यात लिहा."