दहावं वाक्य

दि. ४ मार्च

सौ. वहिनीस सा. न.

इकडे सगळे ठीक. दादाचा खोकला उतरला. माहेरी तुझं कसं आहे, बाळाने मान धरली का, ते कळव.

लाँड्रीत तेच. वाफ, आणि हॉटेलच्या ओल्या चादरींचा कुबट वास. पण त्या इंग्रजीच्या वर्गाइतकी शिसारी मला कशाचीच येत नाही. हॉटेलच्या काउंटरवर एक जागा निघाली, म्हणून मास्तर जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडून काळ घोटून घेतात. साधा, अपूर्ण, पूर्ण, डोकं पिकलं नुसतं! भूतकाळासाठी रोज दहा वाक्यं, काल काय घडलं त्याची. गाइडमधली चालत नाहीत, खरीच हवीत. आमच्या आयुष्यात रोज दहा गोष्टी घडतात कुठे? मी उठले, मी इस्त्री केली, मी जेवले. सहाव्याला गाडं अडतं.

साहेबांकडे तुझी चुगली लाँड्रीतल्या प्रेसवालीनेच केली, असं तू लिहिलंस. तिने बाळासाठी पाठवलेलं झबलंही परत केलंस म्हणे. वहिनी, ते मागवून घे. तिने काही केलेलं नाही.

त्या दिवशी माझी नऊ वाक्यं झाली होती. दहावं मी लिहिलं, ‘काल माझ्या वहिनीने फाटकी चादर घरी नेली.’ मास्तरांनी लाल शाईने क्रियापद सुधारलं, खूण केली आणि शेजारी ‘छान’ लिहिलं. त्यांना क्रियापदापलीकडे काही दिसतच नाही. साहेबांनी मात्र सगळं वाचलं. शनिवारी वह्या त्यांच्या टेबलावर जातात हे मला ठाऊक होतं. सुट्टी संपत आली होती आणि दुसरं काही सुचेना, एवढंच.

एवढंच नाही. ती चादर टाकाऊ ढिगातून उचलून तुझ्या पिशवीत कोणी कोंबली, हे तुला आणि मलाच माहीत. बाळाला दुपटी होतील, असं मीच म्हटलं होतं. वहीत स्वतःचं नाव लिहायला हात धजला नाही. साहेबांनी तुला चोर म्हणून कामावरून काढलं, तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. मी तिथेच अभ्र्यांच्या घड्या घालत उभी होते. जाताना तू म्हणालीस, “रडू नकोस गं.” मी रडत नव्हते, वहिनी. तोंड लपवत होते. थू माझ्या जिनगानीवर!

काल काउंटरसाठी माझं नाव लागलं. मास्तरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी मोरीत जाऊन खरोखरची ओकले.

आज साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “इंग्रजीत लिहून द्या.” उभ्या उभ्याच लिहून दिलं. चारच वाक्यं, कोणी तपासली नाहीत.

सोमवारी आठ वाजता तुला कामावर बोलावलंय. लाँड्रीतला माझा डबा आणि चपला मी घरी आणल्या आहेत. मला घरात ठेवायचं का, ते तू आल्यावर ठरव.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
नणंद